सकाळी निघायचं, रात्री घरी जेवायचं

आमच्या आईचा एक नियम आहे, गाडी घेऊन कुठेही उंडारा पण रात्रीच्या भाताला घरी या. लहानपणी हा नियम जाचक वाटायचा, आता चाळिशी ओलांडल्यावर एकदम पटलाय कारण हॉटेलच्या गाद्यांवर माझी कंबर धरते आणि ह्यांना बाहेरचा चहा चालत नाही. त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही रत्नागिरीतून एक दिवसाच्याच ट्रिपा करतो. वॅगनआर, डबा, थर्मास, बास. त्यात माझी एकच अट असते, गेलो त्या रस्त्याने परत यायचं नाही.

आता हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण आमचा दादा. दादा असतो ॲरिझोनात, फिनिक्सला. मागच्या मार्चमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आलो आणि मग तो सप्टेंबरात गणपतीला इकडे आला. तिकडे त्याने आम्हाला फिरवलं, इकडे आम्ही त्याला. आणि गंमत म्हणजे आईचा भाताचा नियम तो तिकडेही पाळतो, फक्त तो नियम त्याने एवढा ताणलाय की जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटर करून माणूस रात्री दहाला कुकर लावतो.

तिकडच्या पहिल्याच शनिवारी पहाटे साडेपाचला त्याने उठवलं. डिकीत पाण्याचे क्रेट, मागच्या सीटवर पाणी, वहिनीच्या पायाशी पाणी. मी म्हटलं अरे आपण फिरायला चाललोय की टँकर पोचवायला. तो म्हणाला, वाळवंटात गाडी बंद पडली तर मदत यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, पाणी पहिलं, बाकी सगळं नंतर. मार्च होता म्हणून ठीक, उन्हाळ्यात फिनिक्सचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि तेव्हा ही शिस्त जिवावरची असते हे नंतर कळलं.

फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आणि आम्ही जाणार होतो ते फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर. रस्ता आय-१७, गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूला ते सग्वारो निवडुंग, सिनेमात असतात ते, हात वर केलेले. दादाने सांगितलं की त्या निवडुंगाला पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. हे म्हणाले, म्हणजे आपल्या वयाचे निवडुंग अजून थोटेच. मग सगळी वाट मी हात नसलेले निवडुंग मोजत बसले. आणि मग चढ लागला आणि एका उंचीच्या वर ते सग्वारो एकदम संपलेच, थंडी सोसत नाही त्यांना. त्याच चढावर पाटी होती, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. ती पाटी बघून मला इतकं बरं वाटलं, म्हटलं चला, अमेरिकेतसुद्धा घाट चढताना गाडीला घाम फुटतो.

फ्लॅगस्टाफला उतरलो तर रस्त्याकडेला बर्फ. सकाळी घरातून चपला घालून निघालेली मी, आजूबाजूला उंचच उंच पाइन आणि बर्फात उभी, पायाची बोटं गार. दोन-अडीच तासांत वाळवंटातून बर्फात, हॉटेल नाही की मुक्काम नाही. दादाच्या मते हीच खरी ट्रिप, स्पॉट बघायचा नाही, गाडीच्या काचेतून जमीन बदलताना बघायची. तेव्हा मला हे जरा पुस्तकी वाटलं होतं.

परतीला तो ८९ए नावाच्या रस्त्याने उतरला, ओक क्रीक कॅन्यनमधून सेडोनाला. हा मात्र खरा घाट, नागमोडी, एका बाजूला कडा आणि खाली ओढा, अगदी आंबा घाटात असल्यासारखं वाटलं, फक्त माकडं नाहीत आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. एका वळणावर मी सवयीने म्हटलं, दादा हॉर्न दे, तर तो म्हणाला इथे हॉर्न म्हणजे शिवी. बरं बाबा. (हे हॉर्नचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

आणि मग सेडोना. लाल. म्हणजे किती लाल सांगू, डोंगरच्या डोंगर विटकरी लाल, कापून ठेवल्यासारखे सरळ, आणि माथ्यावर निळं आकाश. लोक खुर्च्या टाकून नुसते बघत बसलेले. हे मात्र खिशात हात घालून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं हा आपला जांभाच की."

दादा चिडला. तो म्हणाला हा वालुकाश्म आहे, वाळूचा दगड, जांभा वेगळा. बरोबर आहे त्याचं, जांभा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं पाऊस पडून पडून त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड नि ॲल्युमिनियम मागे राहिलं तो. सेडोनाच्या दगडात वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप आहे. पण लाल दोन्हीकडे लोखंडाचाच ना. गंज तो गंज. हे मुद्दा सोडायला तयार नाहीत आणि दादाही नाही, घरी पोचेपर्यंत तोच विषय, पावणेपाचशे किलोमीटरच्या फेरीतले शेवटचे दोनशे जांभ्यावर गेले.

ग्रँड कॅन्यनचं मी फार लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत आणि फोटोत काही येत नाही एवढं सांगते. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरच्या वर खोल, आकडा ऐकून काही होत नाही, काठावर गेल्यावर पोटात गोळा येतो. आम्ही कठड्याजवळ बाकावर बसून मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. मला भिडलं ते वेगळंच, माहितीच्या फलकावर लिहिलं होतं की अगदी वरचा थर, ज्याच्यावर आपण उभे असतो तो, २७ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ आहे. त्यात शिंपले सापडतात. तळातला सगळ्यात जुना दगड तर पावणेदोन अब्ज वर्षांच्याही मागचा. समुद्राकाठी जन्म गेलेली बाई मी, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब २१०० मीटर उंचीवर वाळवंटात ठेपला खात समुद्राच्याच तळावर बसलेय. मी ह्यांना म्हटलं, बघा, इथेही भरती यायची. तर म्हणाले, ओहोटी जरा लांबली.

असो. आता इकडे.

सप्टेंबरात दादा, वहिनी आणि भाची सई आले. सई चौदा वर्षांची, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये, आणि कानात ते पांढरे बोंडूक कायम. गौरी-गणपती गेल्यावर चार दिवस मोकळे होते. दादाचा प्लॅन म्हणजे गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. मी म्हटलं तो किनारा तू लहानपणापासून बघतोयस, आरे-वारेचा चढ चढून गाडी लावून फोटो काढणारे शंभर लोक असतात तिथे, आपण सड्यावर जाऊया. "सड्यावर? सड्यावर काय आहे?"

हा प्रश्न मला कुणीही रत्नागिरीकर विचारेल. सडा म्हणजे आमच्याकडे काहीच नसलेली जागा. घर खाली वाडीत, पाणी खाली, आंबा-काजू उतारावर, आणि वर जांभ्याचा सपाट कातळ, गुरं चरायला नाहीतर चिरे काढायला. आमचं घरच तशा चिऱ्यांचं आहे. मे महिन्यात तिथे अनवाणी पाय ठेवून दाखवा, तवा असतो नुसता, करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर हिरवं पान नाही, क्षितिजापर्यंत काळपट लाल दगड. कोकण म्हणजे हिरवंगार असं जे पुणे-मुंबईवाल्यांना वाटतं त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी बारसूच्या सड्यावर उभं राहावं. मला स्वतःला हे वाळवंट म्हणून कधी सुचलं नव्हतं, सुचलं ते ह्यांच्या त्या जांभ्याच्या भांडणामुळे.

निघालो सकाळी सातला. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मग मुचकुंदीच्या खाडीवरून पलीकडे गावखडी, सुरूचं बन, सगळं झटपट. दादाने डिकीत पाण्याचा क्रेट टाकलेला, वर धो धो पाऊस पडून गेलेला, दोन्ही बाजूच्या व्हाळांना पाणी, आईने पायरीवरून विचारलं होतं की हे पाणी कुठे नेतोयस, खाडीत ओतायला?

कशेळीला आधी कनकादित्याचं दर्शन घेतलं, सूर्याचं देऊळ आहे, जुनं, सागवानी खांबांचं. मग सड्यावर. आणि सप्टेंबरातला सडा म्हणजे मे महिन्यातल्या सड्याचा कुणी लागत नाही. कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचलेलं, त्याच्या कडेने सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, गेंदाचे पांढरे ठिपके, पिवळा कवळा. ही फुलं आठ-दहा आठवड्यांची पाहुणी, मातीचा थर बोटभर सुद्धा नसतो, पाऊस थांबला की गेली. सीतेची आसवं तर एवढी चिमुकली वनस्पती पण पाण्यातले बारीक किडे पकडून खाते, दगडात अन्न नाही मग करणार काय. सईने हे ऐकल्यावर एका कानातलं बोंडूक काढलं.

दुसरं काढलं ते हत्तीपाशी. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच, आणि त्याच्या अंगावर-आत मासे, प्राणी, पक्षी कोरलेले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी वाकून वाकून कोरलेला. जमिनीवर उभं राहून तो धड दिसतच नाही, सोंड कुठे, पाय कुठे, फिरत फिरत जुळवावं लागतं. सकाळचा पाऊस रेषांमध्ये साचलेला आणि ढगातून ऊन आलं तेव्हा त्या रेषा चकाकल्या आणि अख्खा हत्ती एकदम कळला. मी आधी दोनदा उन्हाळ्यात येऊन गेले होते, तेव्हा असा कधी दिसला नव्हता. सई म्हणाली, आत्या, आमच्याकडेही दगडावर चित्रं असतात, ॲरिझोनात. मराठीत म्हणाली. मी काही बोलले नाही, बोलले असते तर परत इंग्लिश सुरू झालं असतं.

ही कातळशिल्पं रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर इतकी आहेत हे आम्हालाही फार उशिरा कळलं. गुराख्यांना ठाऊक होती, वाडीतले लोक त्यांना पांडवांची चित्रं वगैरे म्हणायचे, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी गावोगाव सडे तुडवून ती शोधली, मोजली, नोंदवली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यात कशेळी आहे, उक्षी आहे, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे आहे. उक्षीचा हत्ती तर रेल्वे स्टेशनपासून जवळच. एक विनंती मात्र, बूट घालून चित्रावर चढून सेल्फी काढू नका, जांभा वरून टणक दिसतो पण कड झिजते. आणि सड्यावर गाडी तर अजिबात घालू नका. आम्ही होतो तेवढ्या वेळात एक मोठी गाडी हत्तीपासून वीस पावलांवर आणून लावली होती, गाणी चालू. दादा जाऊन बोलून आला, नेमकं काय बोलला माहीत नाही पण गाडी हलली.

देवाचे गोठणेला एक माणसाची आकृती आहे आणि तिथे होकायंत्र ठेवलं की दिशा चुकीची दाखवतं, कातळातल्या चुंबकीय गुणामुळे. सईने फोनवरचं होकायंत्र लावून इकडून तिकडे, तिकडून इकडे एवढ्या फेऱ्या मारल्या की आम्ही चौघं छत्रीत बसून डब्यातले दडपे पोहे संपवले तरी ती येईना. ह्यांनी दादाकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "लोखंड." राजापूरवरून हायवेने लांजा, हातखंबा करून साडेसातला घरात. आईने गुरगुट्या भात आणि मेतकूट तयार ठेवलं होतं. पाण्याचा क्रेट जसाच्या तसा परत.

मधे एक दिवस दादाच्या समाधानासाठी गणपतीपुळ्यावरून जयगडला जाऊन फेरीबोटीत गाडी चढवून तवसाळला उतरलो, हेदवीची बामणघळ बघितली, भरतीला त्या चिंचोळ्या घळीत लाट घुसते आणि धाडकन वर उडते, आणि मग आबलोलीवरून भातगावच्या पुलाने जाकादेवीला येऊन घरी. चांगली ट्रिप आहे, फक्त भरतीची वेळ बघून निघा, ओहोटीला गेलात तर घळ म्हणजे नुसती फट.

शेवटची ट्रिप घाटाची. राजापूर, खारेपाटण, तळेरे, तिथून आत वळून वैभववाडी, करूळ घाट चढून गगनबावडा आणि उतरताना भुईबावडा घाटाने परत खारेपाटणला. एका घाटाने चढायचं आणि दुसऱ्याने उतरायचं, असे दोन घाट एकाच गावात येऊन मिळतात म्हणून गगनबावडा माझा लाडका. फेरी अडीचशेच्या वर जाते, पण हायवेचा भाग सोडला तर कंटाळा नाही. निघायच्या आधी घाट चालू आहे का एवढं विचारून घ्यायचं, दरडी येतात, दुरुस्त्या निघतात, पावसाळ्यात कधी बंद होईल नेम नाही.

दादा म्हणाला आज मी चालवतो. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तिकडच्या गाडीत इंडिकेटर डाव्या हाताला आणि आपल्या गाडीत उजव्या, त्यामुळे प्रत्येक वळणाला हा इंडिकेटर म्हणून वायपर लावणार. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही एवढंच. पण हॉर्न! करूळ घाटात धुकं उतरलेलं, दहा पावलांवरचं दिसत नाही, वळणावर वळण, आणि हा माणूस हॉर्न वाजवेना. मी मागून ओरडतेय, दादा हॉर्न, हॉर्न दे, तर म्हणे दिवे लावलेत ना. आणि एका वळणावर धुक्यातून एकदम लाल एसटीचं तोंड, इतकं जवळ की पुढच्या काचेवरचा गणपतीचा हार दिसला. दादाने कचकन ब्रेक मारला, डबा माझ्या मांडीवरून खाली, वहिनी देवाचं नाव घेतेय. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, गाडीला हॉर्न हाय न्हवं?"

तिथून पुढे मी चालवली. आणि दादा शेजारी बसून प्रत्येक वळणाच्या आधी स्वतः हात लांब करून हॉर्न दाबायला लागला, आता तोही नको म्हटलं तर ऐकेना.

वर गगनबावड्याला पोचलो. इथून खाली सगळं कोकण दिसतं, असं मी तीन दिवस सईला सांगत होते. दिसलं काय तर पांढरं. समोर पांढरं, खाली पांढरं, गगनगडाकडे बोट करून मी म्हटलं तिथे गड आहे, तर सई म्हणाली कुठे. ग्रँड कॅन्यनला कसं, गाडीतून उतरलं की अख्खं समोर, तिकीट काढलं की पैसे वसूल. इथे अर्धा तास कठड्याला टेकून आम्ही पाच जणं धुक्याकडे बघत उभे, ह्यांनी कांदाभजीची दुसरी प्लेट मागवली. मग वारा आला आणि मोजून पाच-सहा सेकंद खाली एक तुकडा उघडला, हिरवा, त्यात एक पांढरा ओहळ कड्यावरून पडत होता आणि खूप खाली कौलांची चार घरं. कुणी फोन काढेपर्यंत मिटलं. सई म्हणाली, परत येईल का? म्हणून अजून वीस मिनिटं थांबलो. नाही आलं.

भुईबावड्याने उतरताना धुकं विरळ झालं, काळा कातळ आणि त्यावरून जागोजागी पाणी, आणि खाली आल्यावर एका वळणानंतर रस्त्याची माती लाल झाली, जांभा सुरू. दादाच्या हे आमच्या आधी लक्षात आलं. म्हणाला, बघ, आपण बसाल्टवरून जांभ्यावर आलो. ह्यांनी मागून खाकरल्यासारखं केलं पण बोलले काही नाही.

पावणेआठला घरी. आई ताटं मांडत होती, कुळथाची पिठी आणि भात. तिने सईला विचारलं, "काय काय बघितलंस गो?"

"फॉग," सई म्हणाली, आणि मग थांबून, "धुकं."

"एवढं पेट्रोल जाळून?" आई म्हणाली. "परसात यायचं सकाळी, हवं तेवढं दिसलं असतं." आणि तिला तूप जास्त वाढलं.